सातव्या जागेवरची बाई

ताईने आजवर घरातल्या सगळ्यांना समोर बसवून काही सांगितलं होतं ते दोनदाच. एकदा, आपण लग्न करणार नाही म्हणून. आणि एकदा, आई नि मावशी कामाला होत्या तो कारखाना आपण पुस्तकात घालणार म्हणून. दोन्ही खेपेला मावशी उठून स्वयंपाकघरात गेली होती आणि तिने मनसोक्त भांडी आपटली होती. आज तिसरी खेप. मावशी आधीच स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती.

दुपारचे तीन वाजले होते. आई खिडकीकडे पाठ करून बसली होती, कारण हल्ली तिला उजेड सोसत नसे. शहाऐंशी वर्षांची बाई, पण कंबर ताठ. टेबलावर भाऊने वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी आणून ठेवली होती. भाऊचं पाट्यांचं दुकान. गावातल्या अर्ध्या दुकानांची नावं त्याच्या हातची, आणि ही पितळी पाटी त्याने अर्थातच आपल्या बहिणीसाठी जीव ओतून केली होती. त्याची मुलगी चिमणी पलीकडे फोन चाळत होती. उद्या सकाळी दहाला बंद पडलेल्या बाटली कारखान्याची शेड संग्रहालय म्हणून उघडायची होती आणि चिमणी तिथेच नोकरीला होती. उद्घाटनाचं भाषण ताईचं. त्यानंतर सहा आठवड्यांनी ताई विद्यापीठातून निवृत्त होणार होती. म्हणजे सगळं कसं जुळून आलं होतं, आणि घरातल्या माणसांना तेवढ्यानेच धाकधूक वाटत होती.

"पाटी उघड," ताई म्हणाली.

भाऊने कागद सोडला. पाटीवर लिहिलं होतं: या बाकावर सात बायकांनी डोळे घालवले. सातवीच्या आठवणीसाठी.

"छान झालीय," ताई म्हणाली. "पण ती लावता येणार नाही. सातवी नव्हती. मी बनवली तिला."

मावशी उठली नाही, आणि ताईला त्याचंच नवल वाटलं.

मग तिने सगळं सांगितलं. सांगायला फार नव्हतंच. तीस वर्षांपूर्वी ती टेपरेकॉर्डर घेऊन बाटल्या तपासणाऱ्या सहा बायकांच्या घरी गेली होती. त्यातली एक तिची आई, एक मावशी. दुधी काचेमागे दिवे लावलेले, समोर लांब बाक, आणि बाकावर बसून या बायका दोन्ही हातांत बाटल्या धरून उजेडात फिरवायच्या. बुडबुडा, खडा, तडा दिसला की बाटली पत्र्याच्या डब्यात फेकायच्या. रोज आठ तास. त्या मोकळेपणाने बोलल्या, पण प्रत्येकीने जाताना ताईचा हात धरला आणि म्हटलं, यातलं अमुक माझ्या नावावर घालू नकोस. कारखाना तेव्हा चालू होता, राहती घरं कारखान्याची होती. ताईने प्रत्येकीचं ते 'अमुक' काढलं आणि ते ठेवायला बाकाच्या टोकाला आणखी एक बाई बसवली. हजेरीपटात सहाच नावं होती. सातवीला तिने नाव दिलं नाही. असं केलंय, अशी एक तळटीप तिने लिहिली होती, आणि छपाईआधीच्या शेवटच्या मुद्रितात स्वतःच्या हाताने खोडली होती, कारण तळटिपेशिवाय ते पान वाचताना अंगावर काटा यायचा.

"आणि त्या पानावर माझी नोकरी लागली," ताई म्हणाली. "अकरा आवृत्त्या निघाल्या. शाळेच्या पुस्तकात धडा आला. एका बाकाची एकजूट, असं मी जिथे-तिथे सांगत फिरले. उद्या भाषणात मी हे कबूल करणार आहे."

"आता?" भाऊ म्हणाला. "तीस वर्षं मूग गिळून बसलीस ते बसलीस, आणि आता पाटी कोरून झाल्यावर?"

"पाटीचं काय घेऊन बसलास."

"पाटीचं नाही गं. लोक काय म्हणतील? बाईंनी इतकी वर्षं थापा मारल्या. तुझ्या हाताखाली शिकून मास्तर झालेल्या पोरांनी काय करायचं? आणि कुणाचं नुकसान झालंय त्या सातवीमुळे? नव्हती तर नव्हती, लोकांना आवडते ती."

"माझं शिक्षणच त्याच्याविरुद्ध आहे, भाऊ. जे नव्हतं ते होतं म्हणायचं नाही, एवढा एकच तर नियम आहे आमच्या धंद्यात."

एरवी असल्या वादात मावशी नेहमी भाऊच्या बाजूने असायची. आज ती म्हणाली, "ताई म्हणतेय ते बरोबर आहे. सांगून टाक उद्या, सातवी नव्हती म्हणून. मोकळी हो." ताईला बरं वाटायला हवं होतं. पण साठ वर्षांत मावशीने तिची बाजू घेतल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि तिला उगीचच थंडी वाजल्यासारखं झालं.

चिमणीने फोन खाली ठेवला. "आत्या, थांब जरा. मला तुला दोन महिन्यांपासून एक सांगायचंय. मी जुन्या कामगारांच्या मुलाखती घेतेय ना, त्यातल्या अकरा जणांना सातवी आठवते."

"आठवणारच. पुस्तक वाचलंय सगळ्यांनी."

"हे ऐक तर."

फोनमधून एका म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला. गेटवरचा वॉचमन, चिमणीने सांगितलं. "सातवी होय? डावखुरी होती ती. पुढेपुढे गेटातून जाताना डाव्या हाताने भिंत चाचपत जायची. मी म्हणायचो, बाई, भिंत पळून जात नाही. तर हसायची."

"डावखुरी हे माझ्या पुस्तकात आहे," ताई म्हणाली.

"वॉचमनकाकांना अक्षरओळख नाही आत्या. आणि भिंतीचं तुझ्या पुस्तकात नाही."

"कुणीतरी वाचून दाखवलं असेल. भिंत त्याने पदरची घातली. माणसं घालतात. मी हे वर्गात शिकवते, चिमणे. आठवण म्हणजे काही कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे."

"बरं. ही बाटल्यांच्या बांधणी खात्यातली बाई."

दुसरा आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "ती बाटली बघायची नाही. कानाशी धरायची आणि नखाने टिचकी मारायची. तडा असला तर तिला ऐकू यायचा. मानेवर कायम ओलं फडकं. निळ्या किनारीचं."

ताईने पेला उचलला आणि पाणी न पिताच ठेवला.

"आणि हा भट्टीवरचा माणूस. तो तिकडे दूर, मुलाकडे राहतो. या बाईला तो चाळीस वर्षांत भेटलेला नाही."

"निळ्या काठाचं फडकं असायचं तिच्या मानेवर," फोनमधला माणूस म्हणाला. "आमच्या टाकीवर येऊन भिजवून न्यायची."

"अकरापैकी पाच जण निळी किनार सांगतात," चिमणी म्हणाली. "पुस्तकात नुसतं ओलं फडकं आहे. मी तीनदा बघितलं."

"तू बघितलंस ते खरं आहे," ताई म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. पहिल्या खर्ड्यात तिने 'निळ्या किनारीचं' असं लिहिलं होतं. मग, ही उगाच नक्षी नको, आपण कादंबरी लिहीत नाही, असं म्हणून तिने ते दोन शब्द काढून टाकले होते. तो खर्डा तिने कुणाला दाखवला नव्हता. याच टेबलावर लिहिला होता, आणि याच घरात चुलीत घातला होता.

भाऊ तिच्याकडे बघत होता. "काय झालं?"

"काही नाही."

"ताई, तोंड पांढरं पडलंय तुझं."

ताई मनातल्या मनात बाकावरच्या पाठी मोजत होती. सात-आठ वर्षांची असताना ती सुट्टीत आईचा डबा घेऊन शेडमध्ये जायची. दारातून आत बघितलं की समोर तो पांढरा उजेड, डोळे दिपायचे, आणि उजेडापुढे ओळीने काळ्या पाठी. बायकांची तोंडं दिसायची नाहीत. हात मात्र हलत असायचे. ही आठवण तिची स्वतःची, पुस्तकाच्या कितीतरी आधीची. तिने एका टोकापासून मोजायला सुरुवात केली आणि सातला थांबली. पुन्हा मोजलं. पुन्हा सात. आता ही सातवी पाठ तिथे आधीपासून होती, की लिहिल्यानंतर जाऊन बसली? तिला कळेना. दुसऱ्या कुणाची आठवण असती तर तिने तासाभरात उलटसुलट तपासून निकाल दिला असता. स्वतःच्या डोक्यापुढे तिचं काही चालेना, आणि तिला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

"आई," ती म्हणाली, "बाकावर तुम्ही किती जणी होता?"

"सहा," मावशी दारातून म्हणाली. आईने तोंड उघडायच्या आत. "बाकावर आम्ही सहाच होतो."

ताई हळूहळू मावशीकडे वळली. हे वाक्य तिला पाठ होतं. सहाही टेपांवर होतं ते. सहाही बायकांनी न विचारता, मध्येच, शब्दालाही फरक न करता हे वाक्य उच्चारलं होतं, आणि ताईला त्यात एकजुटीचा सूर ऐकू आला होता. त्याच वाक्याने तिच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडत होतं. आणि गेली तीस वर्षं ती दर जूनमध्ये नव्या वर्गापुढे उभी राहून सांगत होती, की सहा साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी असेल. पण सहा साक्षीदार एकच वाक्य म्हणत असतील तर त्यांच्याकडून ते कुणीतरी घोटून घेतलंय, आधी त्या माणसाला शोधा.

"कुणी पाठ करून घेतलं होतं ते वाक्य?" तिने विचारलं.

"कसलं वाक्य? हिला काही खायला द्या रे," मावशी म्हणाली. "सकाळपासून उपाशी असेल. मग असलं सुचतं."

"मुकादमाने," आई म्हणाली.

"अक्का, गप्प बस."

"पन्नास वर्षं बसले. आता कोणाची भीती आहे तुला? कारखान्याला कुलूप लागलं, मुकादम गेला, चौघीजणी गेल्या. तू आणि मी उरलोय."

मावशी उठली. ताईला वाटलं, आता भांडी. पण मावशी स्वयंपाकघरात गेली नाही. खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली.

आईने पदराने डोळे टिपले. रडत नव्हती ती. डोळ्यांना पाणी यायचं हल्ली. "तिचे डोळे आमच्या आधी गेले, एवढाच फरक," ती म्हणाली. "सगळ्यात जुनी ती. आधी ठिपके दिसायचे, मग धूर. आम्ही सांभाळून घेत होतो. चांगल्या बाटल्या तिच्याकडे सरकवायच्या, वाईट आपण काढायच्या. ती नखाने वाजवून बघायची, ते खरंय. एक दिवस ते साहेबाच्या लक्षात आलं. तिला घरी बसवलं. मग ती डॉक्टरचा कागद घेऊन परत आली. माझे डोळे या कामात गेले, तसं लिहून द्या म्हणाली."

"आणि कंपनी म्हणाली, ही आमच्याकडे नव्हतीच," ताई म्हणाली. हे तिला कुणी सांगायला नको होतं. असे कागद तिने उभ्या आयुष्यात पुष्कळ चाळले होते, दुसऱ्या गावांतले, दुसऱ्या कारखान्यांतले.

"हजेरीपट नवीन लिहिला. तू तोच बघितलास."

"अक्षर एकाच हाताचं होतं," ताई पुटपुटली. "दोन वर्षांचं अक्षर, एक शाई. मला वाटलं, किती टापटीप कारकून."

भाऊने मान खाली घातली. चिमणीने रेकॉर्डिंगसाठी फोन हातात घेतला होता. ताईने तिच्याकडे बघितलं, आणि चिमणीने तो पुन्हा ठेवला.

"सरकारचा माणूस आला चौकशीला," आई म्हणाली. "साहेबाच्या खोलीत आम्हा सहा जणींना ओळीने उभं केलं. समोर ती खुर्चीवर. आदल्या दिवशी मुकादमाने आमच्याकडून ते वाक्य म्हणून घेतलं होतं, शाळेत म्हणून घेतात तसं. घरं जातील म्हणाला. हा भाऊ तेव्हा चार महिन्यांचा. तो माणूस एकेकीला विचारायचा, या बाईला ओळखता का, आणि जबाब लिहून कागदावर सही घ्यायचा. पहिली म्हणाली, बाकावर आम्ही सहाच होतो. तर तिने काय करावं? तिला दिसत नव्हतं, पण आवाज ओळखायची ती. तिने पहिलीचं नाव घेतलं. रागाने नाही. अगं, तू आलीस का, अशा आवाजात. मग दुसरी म्हणाली. तिने दुसरीचं नाव घेतलं. ही माझी बहीण तिसरी होती. हिचं नाव घेतलं. असं करत करत मी शेवटची. मी म्हटलं. तिने माझं नाव घेतलं. मग ती थांबली."

"कशासाठी?" भाऊने विचारलं.

"आमच्यातलं कुणीतरी तिचं घेईल म्हणून," आई म्हणाली. "बराच वेळ थांबली. मग साहेबाचा चहा आला."

चिमणीने उठून पाण्याचा पेला आजीच्या हाताशी सरकवला.

"ती पुढे कुठे गेली ते माहीत नाही," आई म्हणाली. "खरंच नाही. आम्ही विचारलं नाही. आपापसातही कधी बोललो नाही. मग तू ते मशीन घेऊन आलीस. प्रत्येकीला बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. मग प्रत्येकीने स्वतःचं सांगता सांगता तिचं थोडं मध्ये घातलं, आणि वर म्हटलं, हे माझ्या नावावर घालू नकोस. हिने डावा हात सांगितला, मी नखाच्या टिचकीचं सांगितलं, कुणी काय, कुणी काय. आणि पुस्तक आलं तेव्हा तू या खोलीत सगळ्यांना बसवून वाचून दाखवलंस. आम्ही वाटून घेतलेली बाई तू जोडून समोर आणून बसवलीस. वाचून झालं तरी कुणी उठेना. तुला वाटलं, आम्हाला आवडलं."

"फडकं कुणी सांगितलं?" ताईने विचारलं. "मुलाखतींच्या टिपणांची जी कार्डं केली होती, त्यांवर ते नाही. मी सगळी कार्डं पाहिलीत. ते मी मनानेच घातलं होतं."

"मनाने कशाला? डबा घेऊन आलीस की तू तिच्याच मांडीवर बसायचीस. माझे हात चिकट असायचे. ती त्या फडक्याने तुझं तोंड पुसायची."

ताईने नकळत गालाला हात लावला. तिला वाटलं होतं, आता ते तोंड आठवेल. आठवलं नाही. गार कापड तेवढं आठवलं, आणि उजेड. ज्या बाईला आपण बनवलं म्हणून गेल्या तीस वर्षांत कितीतरी वेळा झोप उडाली होती, तिला आपणही विसरलोच होतो, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला रडू फुटलं. प्रोफेसर झाल्यापासून ती घरच्यांसमोर रडली नव्हती. भाऊने खिशातून रुमाल काढून दिला. त्याला पॉलिशचा वास येत होता.

"झालं समाधान?" मावशी म्हणाली. "आता उद्या जाऊन सांग भर सभेत. माझ्या आईने आणि मावशीने एका आंधळ्या बाईला तोंडावर नाकारलं म्हणून. टाळ्या पडतील. आम्ही दोघी पहिल्या रांगेत बसतो, म्हणजे लोकांना वळून बघायला नको."

"मावशी—"

"तू आधी काय म्हणत होतीस तेच बोल ना. मी बनवली म्हण. तुझी थोडी नाचक्की होईल, पण तू आता निवृत्तच होणार आहेस. कुणाचं काही बिघडणार नाही. अक्काला सुखाने मरू दे."

भाऊ म्हणाला, "ताई, मावशी म्हणतेय त्यात..." आणि त्याने वाक्य सोडून दिलं. चिमणीने बापाकडे असं बघितलं की तो पाटीवरचा नसलेला डाग पुसायला लागला.

ताईने डोळे पुसले. गंमत अशी की आज सकाळी आंघोळ करताना तिने जे भाषण मनात जुळवलं होतं, ते अजून जसंच्या तसं तिच्या तोंडात तयार होतं. नम्र होतं, नेटकं होतं, लोकांनी मोठेपणाच मानला असता. 'ही बाई कधीच नव्हती.' आणि हे सांगणार कोण, तर ज्यांच्या शब्दावर विद्यापीठं विश्वास ठेवतात त्या बाई.

"मावशी, त्या कागदावर तुम्ही सहा सह्या केल्यात," ती म्हणाली. "उद्या मी ती नव्हती म्हटलं, तर सातवी सही माझी. आणि माझ्या सहीनंतर कुणी पुन्हा शोधणार नाही. तुम्हाला घर जायची भीती होती. मला कसली आहे?"

मावशीने तोंड फिरवलं.

"तुमचं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आई ठरवेल, तू ठरव. माझं मी सांगणार. की ती होती, आणि मला ती भेटली होती, आणि तरी मी तिला बनवलेली समजले. पण आई, मला तिचं नाव हवं. नाव काय तिचं?"

आईने तोंड उघडलं. ओठ हलले, आणि थांबले. ती अंदाजाने दाराच्या दिशेला वळली. "तूच घे," ती बहिणीला म्हणाली. "तुझी मैत्रीण ती. तुला कामाला तिनेच लावलं होतं."

मावशी खुर्चीच्या पाठीला धरून सरळ उभी राहिली. हात बाजूला सोडले. एक्याऐंशी वर्षांच्या त्या बाईच्या अंगात कुठून तरी तिशीतला ताठपणा आला, नजर भिंतीवर गेली, आणि तिच्या तोंडून स्वच्छ, एकसुरी शब्द आले. "बाकावर आम्ही सहाच होतो."

चिमणी भाऊच्या जवळ सरकली. ते वाक्य खोलीतल्या कुणालाही उद्देशून नव्हतं. मावशीला ते आपण बोललो हेही कळलं नव्हतं.

आई टेबलाच्या कडेला धरून उठली. डोळे मिटूनच दोन पावलं गेली. आणि तिने मावशीचं नाव घेतलं. मावशी नव्हे, धाकटी नव्हे. पाळण्यातलं नाव, जे या घरात वर्षानुवर्षं कुणी उच्चारलं नव्हतं, जे भाऊला तर बहुधा ठाऊकही नव्हतं. रागाने नाही घेतलं. अगं, तू आलीस का, अशा आवाजात घेतलं. मग आई थांबली.

बराच वेळ थांबली. कुणी चहाचं विचारलं नाही.

मावशीचा चेहरा आधी वाकडा झाला, मग लहान झाला. तिने भिंतीवरची नजर काढली आणि आईच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत ते नाव सांगितलं. इतक्या हळू, की ते आईलाच काय ते ऐकू गेलं.

भाऊने पितळी पाटी उलटी केली, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "मावशी, परत एकदा सांग. सावकाश."